चिमट्याचा बाक

माझी पहिली नेमणूक झरीच्या पुढच्या एका उपकेंद्रात झाली. मी नर्स. चार वस्त्यांवर लस द्यायची, बाळंतिणी बघायच्या, आणि एसटी फक्त फाट्यापर्यंत. वडील पूर्णेला रेल्वेत होते. त्यांनी ओळखीतल्या एका शिक्षिकेची जुनी लेडीज सायकल बघितली आणि पॅसेंजरमधून आणून दिली. वरची आडवी दांडी नाही, त्यामुळं पातळ नेसूनही बसता येई. मला ती फार आवडली.

पण वळताना काहीतरी व्हायचं. सरळ रस्त्याला हँडल जड लागायचं, आणि हळू वळलं की चपलेचं टोक पुढच्या चाकाला घासायचं. मला वाटलं, मलाच नीट येत नसेल.

एका वस्तीवर, एका शेतकऱ्याच्या घरासमोर वळताना पाय चाकात अडकला आणि मी आडवी झाले. लसीचा डबा कॅरिअरवर बांधलेला होता, तो वाचला. गुडघा फुटला. घरातून सून धावत आली आणि दोन पावलांवर थबकली. मग आत जाऊन तांब्या घेऊन आली आणि माझ्या गुडघ्यावर वरून पाणी ओतलं.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्यानंतरची ती तणावाची वर्षं. आम्ही बौद्ध, हे त्या वस्तीला ठाऊक होतं. जखम धुताना पाणी वरूनच ओततात, हे मला नर्सला कुणी सांगायला नको होतं. तरी ती का थबकली, ते माझ्या डोक्यातून जाईना. तिनं डबा स्वतः उचलून सावलीत नेऊन ठेवला होता, तेही आठवायचं. दोन्हींचा मेळ लागत नव्हता.

झरीत सायकलीचं एक दुकान होतं. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराला सगळे उस्ताद म्हणत. त्यांनी सायकल बाजूनं बघितली आणि पुढच्या चाकाला धरणाऱ्या चिमट्यावर बोट ठेवलं.

"बाई, हिचा बाकच गेलाय. आधी कुठंतरी समोरून धडकलेली हाय. चाक मागं सरकलं, म्हणून पायाला लागायलंय."

"म्हणजे चूक माझी नव्हती?"

"तुमची कशाला?"

त्यांनी चिमटा तापवून पुढं वाकवला. आता पाय लागेना, खड्ड्यातला दणकाही कमी झाला. पण दुसऱ्याच दिवशी नवीन तऱ्हा सुरू झाली. डबा मागं बांधून वेगात निघाले की हँडल थरथरायचं, सायकल आपल्या मनानं इकडं तिकडं जायची. चाक पुढं गेलं, सायकल लांब झाली, मग ती जास्त स्थिर नको का व्हायला? शिवाय त्या वस्तीचा रस्ता जवळ आला की माझे हातही कापायचे. हँडल मला हलवतंय की मी हँडलला, काही कळेना.

रविवारी वडील आले. त्यांना फक्त सायकलीचं सांगितलं. त्यांनी लांब चक्कर मारली आणि उतरून म्हणाले, "चांगली हाय की. तुला काय झालंय?"

मी सायकल आत घेतली. रात्री पडल्यापडल्या पुन्हा तेच वाटलं, म्हणजे चूक माझीच.

सायकल परत दुकानात नेऊन वडिलांचं म्हणणं सांगितलं, तेव्हा उस्ताद हसले नाहीत. "त्यांनी मागं डबा बांधला होता का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग?" त्यांनी हँडलच्या नळीच्या रेषेत एक दोरी जमिनीपर्यंत ताणली. "चाक ह्या रेषेच्या मागं टेकलं पायजे. मग ते मागं ओढल्या जातं, सरळ ऱ्हातं. मी बाक जास्त दिला, चाक रेषेपाशी आलं. आता ते कुठंबी वळायला मोकळं. त्यात हिला वरची दांडी न्हाई. मागं वजन ठेवलं की मधातच सांगाड्याला पीळ बसतो. गलती माझी हाय, बाई."

मला निम्मंच समजलं. पण एवढा मोठा कारागीर सरळ चूक कबूल करतो, याचंच मला जास्त नवल वाटलं. त्यांनी बाक थोडा कमी केला आणि पुढं एक टोपली बसवून दिली. डबा टोपलीत गेला. हळू चालवताना हँडल जरा ओढायचं, पण थरथर थांबली.

पुढच्या फेरीला मी त्या घरी गेले. सून दारातच होती. मी विचारायच्या आधी तीच म्हणाली, "त्या दिशी मी लय भ्याले होते, बाई. रगत बघितलं की मला भोवळ येती."

मी "असं होय" म्हणाले. तिच्या मागं सासू बसलेली होती, ती खाली बघत डाळ निवडत राहिली. सुनेनं चहा आणला. कप घरच्या कपांतून काढला की वेगळा ठेवलेला, ते मी बघितलं, आणि बघितलं याची मलाच लाज वाटली. चहा गोड होता, फारच गोड. तिचं म्हणणं खरं मानायचं मी ठरवलं. तसं ठरवावं लागलं, हे मात्र मनात राहिलं. मग हात धुतले आणि तिच्या लेकराला मांडीवर घेतलं.