नळाची तोटी

हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही, तो बिचारा मला भोळी समजूनच गेला. तुम्हाला सांगते, कारण काल इथे नागपूरच्या बेसा भागात, आमच्या सोसायटीच्या बैठकीत मी जे केलं, त्यानंतर आरशात बघवत नाही.

तेव्हा जुन्या नागपुरात, महाल भागात नवी सून होते मी. अंगानं काडी, अक्कल त्याहून बारीक. गल्लीत एकच सरकारी नळ, आणि सासू मला रोज तिथं रांगेत पिटाळायची. मग मी काय डोकं लढवलं? नळच मोडला तर पाण्याला धाडेल कोण! भरदुपारी पदराखाली वरवंटा नेला आणि पितळी तोटीवर हाणला. नळ बंद पडला. आणि मी? दोन घागरी घेऊन पार पलीकडच्या विहिरीवर — अशी मी हुशार.

इथपर्यंत हसा. मीही हसते. पण पुढे —

आळ आला कमलवर. समोरच्या खोलीत भाड्यानं राहायची. तोटीला पाणी गाळायचं फडकं बांधणारी ती एकटीच. नळाखाली कोणी कपडे आपटले की भांडणारीही तीच. त्याच सकाळी भांडताना म्हणाली होती, असंच वागाल तर एक दिवस नळच राहणार नाही. झालं. तेवढं पुरलं.

मी गप्प राहिले, एवढंच असतं तर... नाही. एवढंच नव्हतं.

पोळ्याचा दुसरा दिवस. गावाबाहेर नेऊन जाळायच्या मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक बघायला सगळी गल्ली दारात. इडापिडा घेऊन जा गे मारबत, असं जो तो ओरडत होता. तेवढ्यात कमल रिकामी घागर घेऊन निघाली, आणि मागून कोणीतरी म्हणालं, "नळ फोडणारीले घेऊन जा गे मारबत!"

गल्ली खदखदून हसली. पोरांनी ते उचललं. मग ती दिसली की तेच — रोज.

ते कोणीतरी म्हणजे मी.

दिवाळीही न करता कमलच्या घरची माणसं गल्ली सोडून पार कन्हान गावाला निघून गेली. रिक्षात भांडी लादली, आणि कमल माझ्यापाशी येऊन थांबली. "नव्या तोटीले फडकं बांधजो वं. पोरं गढूळ पाणी पेतात." तिला ठाऊक होतं का? मलाच का सांगितलं? फडकं मी कधी बांधलं नाही. नळाची एवढी काळजी अचानक कशी, असं कोणी विचारलं असतं तर?

काल बैठक होती ती बागेतला झोका कोणीतरी तोडला म्हणून. कॅमेरे लावा, कुंपण घाला, महानगरपालिकेला कळवा — बोलून बोलून थकले, मग म्हणाले, आजी, तुम्ही सांगा, ही तोडफोड थांबते कशी? मला ठाऊक होतं हो! झोका आधी दुरुस्त करा. बागेची राखण पोरांच्याच हाती द्या. एखादी झटत असेल तर तिला एकटी पाडू नका. आणि पाहिल्याशिवाय कोणाचं नाव घेऊ नका. सगळं ओठांवर होतं. तेवढ्यात ठराव आला — भांडी घासणाऱ्या बाईच्या पोरीचा फोटो फाटकावर लावायचा, खाली लिहायचं, झोका तोडणारी. तिला झोके घेताना पाहिलं होतं. तोडताना कोणीच नाही.

हात वर करा, म्हणाले. सगळे माझ्याकडे बघू लागले.

मी केला. मग सगळ्यांचे वर गेले.

आज सकाळी फलक लागला. पोरीला वाचता येतं.