चार बोटं उघडलेलं दार

तर काल गोष्ट अडली होती ती सरुबाईच्या तळ्याशी, आणि सरुबाई अजून तिथंच बसली होती.

निरवांगीला तिचं आणि नवऱ्याचं, रावजीचं, दीड एकर रान. उसाला पाणी पाजून पाजून असं खारावलं की वर मिठाचा पांढरा थर न् खाली चिखल. ऊस उगवेना, तेव्हा तळं खोदलं, बोअरचं मचूळ पाणी भरलं आणि कोकणातून जिताडा माशाची बोटाएवढी पिल्लं आणून सोडली. जिताडा खाऱ्यात जगतो, गोड्यातही जगतो. पण मधे त्याला सवड लागते. खाऱ्या पाण्यात तो कल्ल्यांतून मीठ बाहेर टाकत असतो. पाणी गोडं झालं की तेच मीठ अंगात धरून ठेवायचं. सगळं काम उलटं फिरवायचं, ते काय घटकाभरात होतं?

गेल्या उन्हाळ्यात तळं आटून खारट झालं होतं. कालव्याच्या गोड्या पाण्याची पाळी आली आणि रावजीनं उसाला द्यावं तसं सारं पाणी एकदम आत घेतलं. सकाळी मासे उताणे. बिचाऱ्याला जन्मभर एवढंच ठाऊक, पाळी आली की पाटाचं दार सताड उघडायचं.

यंदा नवी पिल्लं होती. पाळी आली तशी सरुबाईनं दार चार बोटंच उघडलं आणि फावडं घेऊन बांधावर बसली. दुपार झाली. कंबर धरली, पाय बधिर झाले, डोळे मिटू लागले. उरलेलं पाणी पुढं शेजारच्या बिरदेवच्या उसात चाललं होतं.

"काकी, माशांना चमच्यानं पाजताय जणू," बिरदेव खुशीत म्हणाला. "आमचा ऊस बघा, घागरीनं पितोय."

"पिऊ दे बाबा."

रावजी दोनदा दारापर्यंत जाऊन माघारी आला. चाळीस वर्षांत त्यानं पाळीतला थेंब कुणाला सोडला नव्हता. पाळीपायी मेव्हण्याच्या लग्नातून अक्षता मुठीत घेऊन पळालेला गडी तो.

"सरू," तो शेवटी म्हणाला, "उजाडल्यापास्नं बसलीयस. तळं अजून वीतभर रितं हाय, न् पाळी तासाभरात सरंल. उघडू का दार?"

"हात लावू नका. गेल्या साली तुमी घरात तोंड लपवून बसला, मेलेलं मासं मी पाटीनं काढलं. आता माज्यात न्हाय ती ताकद. जाऊंद्या पाणी बिरदेवला."