माशावरची देवी

अहिल्यामावशींना गाडी येत नाही आणि मला त्यांना नाही म्हणता येत नाही. मी त्यांची भाडेकरू. डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमध्ये त्यांच्या वरच्या खोलीत राहते आणि पीएचडी रखडवते. त्या दिवशीही लॅबमधून मेटाकुटीला येऊन घरी टेकले, तर मावशी चादरीत गुंडाळलेलं चित्र घेऊन दारातच उभ्या. "हिमानी, चल गं, डेट्रॉइटच्या बाईंनी आजचीच अपॉइंटमेंट दिलीय." काय करता? गेले.

चित्र मिरलांदचं. मिरलांद हैतीची. मावशींचे यजमान बाळकाका अंथरुणाला खिळले होते तेव्हा त्यांचं सगळं करायला यायची. काका गेले, पाठोपाठ तिने खोली बदलली. नव्या जागी चित्र लावायला भिंत नव्हती, म्हणून ते मावशींकडे ठेवून गेली. आता शनिवारी न्यायला येणार होती. इन्शुरन्ससाठी किंमत काढून ठेवा, एवढंच म्हणाली होती.

चित्रात निळाशार समुद्र, आणि होडीएवढ्या माशावर बसलेली, डोक्याला लाल रुमाल बांधलेली बाई. आता माशावर बसलेली बाई म्हणजे देवीच की! वाहन आहे ना! मावशींनी ती देवघराशेजारी टांगली. चार वर्षं रोज उदबत्ती, दर शुक्रवारी कपाळाला कुंकू.

डेट्रॉइटच्या बाई जुनी चित्रं साफ करून त्यांची किंमत काढून देणाऱ्या. त्यांनी कापसाची काडी स्वतःच्या तोंडात ओली केली आणि चित्रावरून फिरवली.

"शी! थुंकी? देवीला उष्टं करतेय ही!" मावशी मराठीत ओरडल्या.

मी जरा मऊ करून सांगितलं. बाई हसल्या. थुंकीने काजळी निघते, रंग शाबूत राहतो, म्हणाल्या. खरंच, काडी काळी झाली आणि आकाश उजळलं. मग त्या कपाळाकडे वळल्या. काडी लाल झाली, लगेच कपाळाच्या रंगाने तपकिरी झाली, तशा त्या थांबल्या.

"हे तेलकट बोटाने लावलंय, रंगात मुरलंय. काढलं तर कपाळही जाईल. ठेवलं तर किंमत पडेल. आणि ही देवी नाही. मासा पुढे आहे, ती मागे उभी आहे. हैतीचे असे चित्रकार लांब-जवळ बघत बसत नाहीत. मासे विकतेय ती."

"अगं बाई! देवघरात मासळीबाजार!" मावशी मटकन खुर्चीत बसल्या. मला हसू येणार होतं, पण त्यांचा चेहरा बघून जिरलं. "पोरीने विश्वासाने ठेवलं होतं गं. तिची वस्तू नासवली मी. कुठल्या तोंडाने सांगू?"

"याच तोंडाने. आत्ता," मी म्हटलं. शनिवारपर्यंत त्यांनी ना स्वतः झोप घेतली असती, ना मला घेऊ दिली असती. मी मिरलांदला फोन लावला, स्पीकर ऑन केला आणि दुभाषी झाले.

मिरलांदने सगळं ऐकून घेतलं. "ती माझी आई आहे," ती म्हणाली. "तिने स्वतःलाच काढलंय."

"आणि वडील?" मावशींनी विचारलं.

"मी पोटात असतानाच गेले."

मावशींच्या डोळ्यांना धार लागली. काका गेल्यापासून त्यांनी स्वतःच्या कपाळाला कुंकू लावलं नव्हतं. कुणी मना केलं नव्हतं, तरी.

"तिला सांग," त्या म्हणाल्या, "माझं पुसलं गेलं, म्हणून मी तिला लावत होते. कुणाला तरी लावावंसं वाटायचं गं. चुकलंच माझं. ती म्हणेल तर काढायला सांगते."

मी जसंच्या तसं सांगितलं.

"नको," मिरलांद म्हणाली. "माझ्या आईचं पुसू नका."