निकोदेमोचं गाडलेलं अंजीर

टोरंटोच्या ज्या गल्लीत निकोदेमो राहायचा, तिथे नोव्हेंबर लागला की परसापरसांतून खड्डे खणले जायचे. अंजिराची एका बाजूची मुळं कापायची, झाड हळूहळू आडवं करायचं आणि वर जुने गालिचे, फळ्या, पाला, माती घालून थंडी सरेपर्यंत गाडून ठेवायचं. इटलीतल्या कालाब्रियातून आलेल्या त्या मंडळींना यात काहीच वावगं वाटत नसे. त्यांना नवल वाटायचं ते जेसुआल्दो न्हाव्याचं. त्याला खणायचा कंटाळा, म्हणून तो झाड उभंच गोधड्यांत गुंडाळायचा आणि शेंड्यावर बादली उपडी घालायचा.

"कुंपारे, झाडाला दाढीला बसवलंस का?" निकोदेमो कुंपणावरून विचारायचा.

"बसलंय तरी. तुझ्याकडे दर वर्षी मयत," जेसुआल्दो वस्तरा चालवावा तसा शांतपणे म्हणायचा. तो निकोदेमोच्या मुलीचा बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता. या नात्यात एकमेकांना 'कुंपारे' म्हणायचं आणि मग वाटेल ते बोलायची मुभा.

निकोदेमो गवंडी होता. अर्ध्या शहराच्या भिंती त्याच्या हातून उभ्या राहिल्या होत्या, पण कुणी घरी आलं की तो भिंतीबिंती सोडून आधी अंजीर दाखवायचा. वीस वर्षांपूर्वी बोटीवर चढताना त्याच्या आईने, नुन्झियाने, परसातल्या अंजिराची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच्या कोटाच्या बाहीत खुपसली होती. त्या फांदीपायी त्याला हात वाकवता येईना, की आईला धड मिठी मारता येईना. आणि एवढं करून ती बाई वर म्हणाली होती, "जिथं अंजीर पिकत नाही, तिथं माणसानं राहू नये."

तेच वाक्य ती पुढे वीस वर्षं गावातल्या दुकानाच्या फोनवरून ऐकवत राहिली. "पिकतं गं मम्मा, मधासारखं पिकतं," हा सांगायचा. "बर्फात?" ती विचारायची आणि हसायची. त्या हसण्याने निकोदेमोचा आठवडा कडू व्हायचा. आणि आता ती स्वतः सप्टेंबरअखेर येणार होती, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून. झाडावरचं अंजीर तोडून तिच्या हातावर ठेवायचं, एवढीच त्याची इच्छा होती.

ईस्टर होईस्तोवर झाड उकरायचं नाही, हा गल्लीचा नियम. पण त्या वर्षी मार्चातच ऊन पडलं. संत जोसेफच्या सणाला लोक नुसता सदरा घालून दारात बसले. त्यात जेसुआल्दो बोलून गेला, "आई यायचीय ना? उठव की मयताला. का जीव नाही उरला?" निकोदेमोने जेवण अर्धं टाकून फावडं घेतलं. त्याची बायको पालमिरा म्हणाली, "ईस्टर होऊ दे की रे. एवढी कसली घाई?" पण घाई झालेल्या नवऱ्याला ऐकू कमी येतं. संध्याकाळपर्यंत झाड उभं राहिलं आणि अख्खी गल्ली बघून गेली.

ईस्टरच्या आधीच पुन्हा गोठलं. झाड शेंड्यापासून बुंध्यापर्यंत काळं पडलं. निकोदेमो पायरीवर बसून रडला, आणि त्याचा आवाज मोठा असल्यामुळे ते सगळ्यांना कळलं. जेसुआल्दो कुंपणाशी आला. "माझंच तोंड काळं," तो म्हणाला, आणि त्या दिवशी त्याने एकही टोमणा मारला नाही.

मे महिन्यात मात्र बुंध्यातून कोंब फुटले. निकोदेमोने वाळलेली फांदी न् फांदी कापली, जुनं शेणखत घातलं आणि सबंध उन्हाळा त्या कोंबांशी बायकोशी बोलला नसेल इतकं बोलला. ऑगस्टात फळं धरली. पण सप्टेंबर सरत आला तरी ती हिरवी, कडक, मान ताठ करून बसलेली.

आई यायच्या आदल्या दिवशी जेसुआल्दो स्वतःच्या झाडाची पिकली अंजिरं टोपलीभर घेऊन आला. "दोऱ्यानं बांध," तो कुजबुजला. "म्हातारीला काय कळतंय."

निकोदेमो तसा सरळ माणूस होता, पण गरज पडली की सरळ माणूसही वाकतो. दोघांनी मिळून बांधली.

नुन्झिया आली, नातीला कुरवाळून झालं, कॉफी झाली आणि ती परसात गेली. एक जांभळं अंजीर तिने चिमटीत धरलं, ओढलं. अंजिरामागोमाग दोरा आला.

"निकू," ती म्हणाली, "इथली अंजिरं शिवून घेतात का?"

निकोदेमोची मान खाली गेली. जेसुआल्दोने आभाळ बघितलं. पालमिरा घरात पळाली, कारण तिला हसू आवरेना. नुन्झियाने मग एक हिरवं अंजीर बोटाने दाबून पाहिलं आणि म्हणाली, "तेल आण. ऑलिव्हचं. आणि केरसुणीची काडी."

काडी तेलात बुडवून तिने एकेका अंजिराच्या बुडाशी असलेल्या डोळ्याला टिंब लावलं, बाळाला काजळ घालतात तसं. "डोळा मिटला की झोपतं, आणि झोपेत पिकतं," ती म्हणाली. निकोदेमोला लहानपणी हे रोज दिसायचं, आणि एवढ्या वर्षांत ते त्याला आठवलंही नव्हतं.

आठवड्याच्या आत अंजिरं फुगली, माना टाकू लागली. पहिलं निकोदेमोने तोडून तिच्या हातावर ठेवलं. तिने ते पावाबरोबर सावकाश खाल्लं. डोळे भरून आले तरी पुसले नाहीत.

"हेच," ती म्हणाली. "आपल्या झाडाचंच. सात वर्षांनी खाल्लं."

"सात? मग घरचं झाड?"

"वठलं रे. तुला नाही सांगितलं. म्हटलं, झाडही गेलं कळलं तर हा कशाला येतोय परत."

निकोदेमो हसायला लागला. "म्हणजे सात वर्षं अंजीर नव्हतं तुझ्याकडे, आणि मला म्हणतेस माणसानं राहू नये? मग तूच राहा की इथं."

"या थंडीत? मला पण गाडशील," नुन्झिया म्हणाली. "गप बस आणि एक फांदी काप. जाड बघून."

विमानतळावर नुन्झिया ऊन असूनही कोट घालून उभी होती. गुंडाळणी पालमिराची, आणि ओलं फडकं जेसुआल्दोच्या दुकानातलं. निघताना निकोदेमो वाकला, तेव्हा आईने त्याला एकाच हाताने मिठी मारली. दुसरा हात तिला वाकवता येत नव्हता.