आरोग्याच्या कप्प्यातली कादंबरी

कादंबरी लिहायला मला चार वर्षं लागली. ती छापून आल्यावर सहा महिन्यांत जे घडलं, ते लिहायचं तर आणखी चार वर्षं जातील! कोणी विचारलं, "पुस्तक आल्यापासून काय सुरू आहे?" तर मी म्हणते, आधी चहा सांगा.

मी नागपुरात, सदरमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढते. एकोणीस वर्षं झाली. माहेर नरखेड तालुक्यातलं, संत्र्याच्या बागेतलं. कादंबरीही तिथलीच. मी नाव दिलं होतं 'ताणावर सोडलेली बाग'. प्रकाशक म्हणाले, "मॅडम, एवढं नाव कव्हरवर मावत नाही." आणि छापून आलं नुसतं 'ताण'.

झाडाला बहर यावा म्हणून काही आठवडे त्याचं पाणी तोडतात, त्याला आमच्याकडे ताण देणं म्हणतात. नरखेडकडे हे कोणीही सांगेल. नागपुरात मात्र ताण म्हणजे बीपी!

*

पुस्तक आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी एका दुकानात गेले. ओळख न देता. सगळेच नवे लेखक असं करत असणार. कादंबऱ्यांच्या कप्प्यात माझं पुस्तक नव्हतं. नव्या पुस्तकांतही नव्हतं. तोंड पाडून निघाले, तर दाराजवळ दिसलं. एका बाजूला मधुमेह, दुसऱ्या बाजूला गुडघेदुखी, मधे मी!

मग ओळख दिलीच. म्हटलं, "दादा, ही कादंबरी आहे हो."

दुकानदारांनी पुस्तक उघडून दोन पानं वाचली, पुन्हा तिथेच ठेवलं.

"राहू द्या ना मॅडम. इथून चार गेल्या. तिकडं ठेवली असती तर तुम्हीच घेतली असती!"

*

त्या चारांतली एक प्रत एका योगवर्गाच्या बाईंनी घेतली होती. वाचली नव्हती, हे मला नंतर कळलं. त्यांचा फोन आला, "रविवारी सकाळी आमच्या ग्रुपसमोर ताणावर बोलाल का?" पहिलंच आमंत्रण. मी उडालेच!

बागेत पोचले तर चाळीस ज्येष्ठ मंडळी चटया टाकून, डोळे मिटून बसलेली. मागे बॅनर, 'तणावमुक्त जीवन'. पळून जायची सोय नव्हती. मग मी संत्र्याच्या झाडाबद्दलच बोलले. पाणी कसं तोडतात, पानं कशी मलूल होतात, आणि नेमक्या वेळी पाणी सोडलं की फांदी फांदी कशी फुलते.

हळूहळू सगळ्यांचे डोळे उघडले. शेवटी एक आजी हात वर करून म्हणाल्या, "बेटा, एक सांग. पाणी सोडायची वेळ झाली, हे मालकाला समजते कसं?"

मी म्हटलं, "पानांकडे पाहून."

"मग पाहाले तर पाहिजे ना कोणी!" आजी म्हणाल्या, आणि चटई गुंडाळायला लागल्या.

*

लॅबमध्ये माझी प्रसिद्धी रेहाना करते. रेहाना माझी जोडीदार, पलीकडच्या खुर्चीवर रक्त काढणारी. कोणी सुईला घाबरलं की ती ओरडते, "भैया, टेन्शन नको घेऊ, रायटरच्या हातची सुई आहे!"

एकदा एक धिप्पाड गृहस्थ आले. ट्रान्सपोर्टचा धंदा, मनगटात जाड कडं, आणि सुई पाहून कपाळावर घाम. लक्ष दुसरीकडे जावं म्हणून मी त्यांना कादंबरीची सुरुवात सांगितली. विहिरीवरची मोटर बंद पडते आणि नायिका सुमित्रा एकटी विहिरीत उतरते. ट्यूब भरली, कापूस लावला, तरी गृहस्थ उठेनात.

"मग? निघाली का बाहेर?"

"पुस्तकात आहे," मी म्हटलं.

आठ दिवसांनी पुन्हा हजर. डॉक्टरांची चिठ्ठी नाही, काही नाही. बाही वर करून बसले. "शुगर करा. आणि पुढचं सांगा."

मी म्हटलं, "अहो, त्यापेक्षा पुस्तकच न्या ना!"

"मले सुईची भीती वाटते मॅडम," ते म्हणाले, "पण वाचाची त्याहून जास्त!"

*

सासूबाई निवृत्त शिक्षिका. त्यांनी कादंबरी लाल पेन घेऊन वाचली. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका समासात काढल्या, दोन ठिकाणी 'उत्तम' लिहिलं. मी खूश. मग अठ्ठ्याऐंशीव्या पानावर बोट ठेवून म्हणाल्या, "ही सासू कोण आहे?"

ती सासू फार कजाग आहे.

"आई, शपथ, तुम्ही नाही. काल्पनिक आहे."

सासूबाईंनी चष्मा काढला. "काहून? इतकी वर्षं सोबत राहून राहिली मी, आणि तुले माझं काहीच नाही सुचलं?"

*

सावनेरच्या वाचनालयात पहिला खराखुरा कार्यक्रम. प्रशांत, म्हणजे माझा नवरा, स्कूटरवर पुस्तकांचा खोका घेऊन आला. साठेक माणसं होती, चांगलं ऐकत होती. फक्त पहिल्या रांगेत, अगदी माझ्यासमोर, एक माणूस झोपलेला. साधा झोपलेला नाही, घोरत होता! मी विहिरीचा प्रसंग वाचतेय, सुमित्रा एकटी खाली उतरतेय, आणि खालून घुर्र, घुर्र. प्रशांत दोनदा त्याला उठवायला निघाला. मी मानेनंच नको म्हटलं, पण आतून रडू येत होतं.

कार्यक्रम संपला. सह्यांच्या रांगेत तो सगळ्यांत शेवटी उभा. त्याच्या हातातली प्रत जुनी झालेली, कोपरे दुमडलेले, आणि पानापानावर काळे अंगठे.

"कोळशाचे आहेत मॅडम," तो ओशाळून म्हणाला. "खाणीत आहे मी. डब्याच्या सुट्टीत वाचली."

प्रशांतला राहवलं नाही. "मग आता झोपले काहून?"

"नाइट करून सरळ इथं आलो भाऊ. पण माही वाचून झाली होती ना, म्हणून झोपलो. नाहीतर झोपलो असतो का?"

*

एका घरी मात्र मी पुस्तक द्यायला जात नव्हते. माहेरच्या गावी, कमलकाकूकडे.

कारण सुमित्रा म्हणजे काकूच. काकांनी तरुणपणी घर सोडलं, नऊ वर्षं चिठ्ठी नाही, निरोप नाही. काकूनं एकटीनं बाग जगवली, पोरं वाढवली. मग एका दुपारी काका परत आले आणि काकूनं दार उघडलं. आमच्या घराण्यात त्यावर कोणी कधी बोललं नाही. मी कादंबरी लिहिली, काकूला न विचारता. आणि शेवट बदलला. माझी सुमित्रा दार उघडत नाही.

एक दिवस काकूच्या सुनेचा, वैशालीचा फोन आला. "ताई, आईंनी बोलावलं. पुस्तक वाचून दाखवलं मी त्यांना."

एसटीत सगळा रस्ता मी माफी मागायची वाक्यं जुळवत होते. अंगणात काका खाटेवर बसलेले, आता पंच्याहत्तरीचे. काकू म्हणाली, "आली का वं? बस, चहा ठेवतो," आणि आत गेली. एवढंच.

वैशाली कानाशी लागली. "रोज दुपारी वाचायची मी. शेवटचं पान आईंनी तीनदा वाचायला लावलं."

"आणि काका?"

"इथंच. याच खाटेवर."

मला खाली पाहावं की वर, कळेना. तेवढ्यात काकाच बोलले.

"तुह्या पुस्तकातल्या बाईनं दार नाही उघडलं."

"नाही, काका."

"बरं केलं तिनं."

त्यांनी उशीखालून पुस्तक काढून माझ्यापुढे धरलं. "सही दे याच्यावर. तिच्या नावानं."

मी पेन काढलं. 'सौ. कमलकाकूस' एवढं लिहिलं आणि हात थांबला. मान वर केली तर काकू चहाचे कप घेऊन दारात उभी होती.

"लिव्ह वं त्यायचंही नाव," काकू म्हणाली. "आता घेतलं ना घरात!"