आम्ही आमच्या वकिलाला पाडलं

पुढारी घाणेरडे असतात, हे मला कुणी शिकवायला नको. पण नाहूरच्या ज्या सोसायटीचा मी सेक्रेटरी आहे, तिथली सगळी साधी माणसं. कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांची पोरं आम्ही, आता बँकेत, शाळेत, विमा कंपनीत चिकटलेली. आमच्यापुढे पुढारी काय झक मारणार, हे मी त्या निवडणुकीत बघितलं.

वकील शेजारच्या गल्लीत राहायचे. बिल्डर इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावावर करून देईना, तेव्हा ह्या माणसाने आठ वर्षं आमच्यासाठी कोर्टात खेटे घातले. फी विचारली की म्हणायचे, "चहा पाज." जमीन आमची झाली आणि त्यानंतर तर आम्ही त्यांना पार पिळून काढलं. कुणाचा भाडेकरार, कुणाच्या आईचं मृत्युपत्र, कुणाचं जावयाशी भांडण, उठसूट वकिलांकडे. का, तर "वकील आपलेच आहेत ना!"

त्यांना मुंबईचं महापौर व्हायचं होतं. उघड बोलायचे तसं. कांजूरमार्गच्या कचरा डेपोचा वास घरात शिरला की आमच्या पोरांना ओकारी यायची. वकील म्हणायचे, "अर्ज करून करून हात दुखले रे. आता त्या खुर्चीत बसूनच हे बंद करीन." महापौर व्हायचं तर आधी नगरसेवक व्हायला लागतं, म्हणून ते आमच्या वॉर्डातून अपक्ष उभे राहिले. लोक तोंडावर "झकास, साहेब!" म्हणायचे आणि पाठ वळली की फिदीफिदी हसायचे. अपक्ष आणि म्हणे महापौर!

मतदानाच्या दहाएक दिवस आधी समोरच्या उमेदवाराचा माणूस आला. गच्ची गळते ना? वॉटरप्रूफिंग करून देतो, वर पत्र्याची शेडही टाकतो, फक्त अख्ख्या बिल्डिंगची मतं आमची. मी रविवारी सकाळी मीटिंग बोलावली. एरवी बोलवून बोलवून माणसं येत नाहीत, त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. कुणी एकाने तरी वकिलांचं नाव काढावं! तळमजल्यावरचे एक काका म्हणाले, "वकील काय, घरचेच आहेत, समजून घेतील." शी! आणि ह्यावर टाळ्या पडल्या. मीही गप्प बसलो. सगळ्यात वरच्या मजल्यावरचं, गळकं घर माझंच आहे.

पुढचं ऐका. त्या उमेदवाराच्या ठेकेदाराने दोन पानी करार पाठवला. सही सेक्रेटरीची, म्हणजे माझी. तर कमिटी म्हणते, "आधी वकिलांना दाखवून घे." कुणालाही त्यात काही गैर वाटलं नाही. मलाही नाही, आणि आज मला त्याचीच जास्त किळस येते. सवय, दुसरं काय! कागद घेऊन मी सरळ त्यांच्या घरी गेलो. बाहेरच्या खोलीत प्रचाराच्या पत्रकांचे गठ्ठे पडलेले आणि त्यांची बायको एकेकाला घडी घालत बसलेली.

वकिलांनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली. "कोण करून देतोय हे?"

मी पत्रकांच्या गठ्ठ्यांकडे बघायला लागलो. ते माझ्याकडे बघत राहिले. मग मालवणीत म्हणाले, "मेल्या, माकाच दाखवूक हाडलंस?" आणि हसले.

मला वाटलं, आता कागद तोंडावर फेकतील. फेकायलाच हवा होता. त्यांनी लाल पेन काढलं आणि एका कलमावर फुली मारली. "काम अर्धवट राहिलं तर खर्च सोसायटीचा, असं घुसवलंय बघ. हे काढायला लाव. नाहीतर मतदान झालं की हा पळेल आणि तुम्ही बसाल बोंबलत. त्याशिवाय सही करू नकोस." त्यांच्या बायकोने चहा आणून दिला. मी तो प्यायलो, वर बिस्किटही खाल्लं.

निकालात वकिलांची अनामत जप्त झाली. आमची शेड मात्र पुरी झाली, त्यांच्या फुलीमुळेच झाली. उद्घाटनाला नवे नगरसेवक आले, नारळ फुटला, आणि ज्या बायकांची कामं वकिलांनी फुकटात केली होती त्यांनीच ह्या नव्या साहेबांना ओवाळलं. फोटोत मी अगदी मधोमध उभा आहे, दात काढून.

मग एक दिवस वकील स्टेशनबाहेर भाजीवाल्याकडे समोर आले. तोंड चुकवायला जागाच नव्हती. त्यांनी खांद्यावर हात ठेवला. "तुमच्या बूथवर अगदीच भोपळा नाही मिळाला रे. थोडी पडली. त्यात तुझं आणि वहिनींचं आहे, हे मला ठाऊक आहे. म्हटलं, भेटलास की थँक्यू म्हणावं."

बायकोने त्यांनाच मत दिलं होतं. शेड गेली खड्ड्यात, असं मला सांगून दिलं होतं. मी पुठ्ठ्याच्या आडोशामागे, जिथे बघायला कुणीसुद्धा नव्हतं, तिथे समोरच्याचं बटण दाबलं होतं.

"म्हणजे काय साहेब," मी म्हटलं, "आमची दोन्ही तुम्हालाच."