खुळखुळ्याचा डबा

माझा धाकटा भाऊ लाँड्रीची गाडी चालवायचा. हॉटेलांच्या मळक्या चादरी आणायच्या, धुतलेल्या पोचवायच्या. चौदा वर्षं झाली, गाडीला ओरखडा नाही. इन्सुलिन घ्यायचा तो. सकाळी सीटवर बसला की आधी बोट टोचून शुगर बघायची, मग समोरच्या कप्प्यातला पत्र्याचा डबा कानाशी हलवायचा. आत गोळ्या वाजल्या तरच चावी फिरवायची. बाकीचे ड्रायव्हर म्हणायचे, आला बघा खुळखुळा. तेच नाव पडलं.

डब्यात लिमलेटच्या गोळ्या असायच्या. शुगर उतरली, हात थरथरले की गाडी बाजूला घ्यायची, गोळ्या चावून खायच्या, पंधरा मिनिटं थांबायचं, परत बोट टोचायचं. डॉक्टरने शिकवलेलं. त्याने मला दहादा सांगितलं. पण आई गेल्यावर त्याला मीच वाढवला, मला कोण शिकवणार? मला वाटायचं सोकावलाय गोडाला. म्हटलं, "साखरेच्या रोग्याला साखरच औषध? मला येडी समजतो काय?"

तो हसला. म्हणाला, "ताई, मला काय बोलायचं ते बोल. फक्त गाडीतल्या डब्याला हात लावू नको."

मी लावला. तो आंघोळीला गेला तेवढ्यात डबा रिकामा केला आणि औषधाच्या दुकानातून आणलेल्या बिनसाखरेच्या गोळ्या भरल्या. दिसायला तशाच. वाजायलाही तशाच.

त्या दुपारी रस्ता तुंबलेला, त्याचं जेवण राहिलं. त्याने सगळं नीट केलं हो. गाडी कडेला घेतली, बंद केली, चावी काढून मागे चादरींवर फेकली. नऊ गोळ्या खाल्ल्या. नऊ कागद सीटवर पडलेले. समोरचा पंक्चरवाला सांगत होता, घामाघूम होता, बरळत होता, आम्हाला वाटलं ढोसलीय. एकाने तर व्हिडिओ काढला, हसत हसत. मग तो झोपला म्हणून सगळे आपापल्या कामाला लागले. संध्याकाळपर्यंत कोणी दार उघडलं नाही. मालक आले, त्यांनी आधी चादरी दुसऱ्या गाडीत भरून घेतल्या.

आठवड्याने त्याच्या बायकोने डबा माझ्यापुढे ठेवला. रडली नाही.

"ताई, गोळीच्या कागदावर बिनसाखरेची लिहिलंय. तुम्हाला वाचता येतं ना?"

चौथीपर्यंत शिकलेय मी. येतं वाचता.

"वाचूनच आणल्या," म्हटलं.